हरणाऱ्याचं शेवटचं प्यादं

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांची लढाई झाली. तरुण पेशवा बाजीराव त्या वेळी निजामाच्या बाजूने होता. खान मारला गेला. निजामाने त्याचं शीर दिल्लीला पाठवलं, तेही बादशहाच्या विजयाबद्दल मुबारकबाद देत. खानाला निजामावर घातलं होतं खुद्द बादशहानेच! खान कोणाच्या हातून पडला, त्याच्याजवळ शेवटी किती माणसं उरली होती, याने निजामाच्या विजयात काही कमीजास्त झालं नाही.

बुद्धिबळाच्या पटावर मात्र आपल्याकडचे जुने खेळाडू नेमकं हेच मोजत. देशी पद्धतीत मात झाली एवढ्यावर डाव संपत नसे. मात कशी झाली याला किंमत होती. हत्तीने किंवा वजिराने दिलेली मात साधी. प्याद्याने दिलेली प्यादेमात मानाची. आणि समोरच्याची सगळी मोहरी मारून त्याचा राजा एकटा पाडला, तर दख्खनी रिवाजाप्रमाणे ती ‘बुर्जी’: डाव बरोबरीत. म्हणजे जिंकणाऱ्याला हरणाऱ्याचं शेवटचं प्यादं सांभाळावं लागे. आपला घोडा त्या प्याद्यावर सहज पडतोय, पण पडू द्यायचा नाही. उलट हरणारा ते प्यादं मुद्दाम मारात ढकलणार, कारण ते गेलं तर तो सुटला. डावाच्या अखेरीस दोघांचे हेतू असे अदलाबदल होतात, हे मला या खेळातलं सर्वांत चतुर कलम वाटतं.

बाकीचे नियमही वेगळे होते. किल्लेकोट नाही; शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं वाटेल ते होत नसे, त्या पट्टीचं मोहरं होई. शिवाय गावोगावी फरक. त्यामुळे परक्या माणसाशी पट मांडण्याआधी बोलून घेणं भाग होतं: बुर्जी धरायची का, प्यादेमातीचा आग्रह कोणाचा? तरबेज खेळाडू स्वतःवर जास्त अटी घेई आणि नवख्याशी बरोबरीने बसे. फ्रान्समध्येही एका प्याद्यावर खूण करून ‘याच प्याद्याने मात देईन’ अशी पैज लावत. तिथे तो शौक राहिला, इथे तो हिशेबाचा भाग होता.

याची छापील खूण आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ‘विलासमणिमंजरी’चं इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापलं गेलं. त्यातल्या कूटांत अमुक प्याद्यानेच मात द्यायची अशा अटी भेटतात. पण पुस्तकाच्या शीर्षकातच म्हटलं आहे की हे युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलेलं आहे. पुण्यात दुसरा बाजीराव अजून गादीवर होता. पेशवाई बुडायला चार वर्षं बाकी होती. पटावरचं राज्य जरा आधीच गेलं म्हणायचं.

पुढे स्पर्धा आल्या, आणि स्पर्धेला एकच नियमावली लागते. हे अटळ होतं आणि बऱ्याच अंशी भल्याचंही. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढला, मोठेपणी युरोपीय नियम शिकला आणि १९२९ मध्ये इंग्लंडात जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. आज खेड्यातल्या मुलीला जगात कुठेही कोणाशीही डाव मांडता येतो, आधी काही ठरवावं लागत नाही. आणि फरक भरून काढायचा तर घड्याळाची मिनिटं कमी करतात, किंवा मोहरं काढून देतात. दोन्हींत बलवान खेळाडूकडचं काहीतरी कमी होतं. प्यादेमातीत काहीच कमी होत नसे. सगळं सैन्य हाती असायचं, आणि तरी शेवटचा शह एका प्याद्यासाठी राखून ठेवायचा.