कर्णबधिर बालकाची वाचा : वय, यंत्र आणि घरची बोली

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला गावोगावी ‘मुका’ म्हटले जाते. हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो. अशा मुलाचा कंठ, जीभ, ओठ आणि टाळू यांत सहसा कोणतेही वैगुण्य नसते. भाषा कानावर पडली नाही म्हणून ती तोंडी आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऐकण्याची वाट वेळेत मोकळी झाली आणि घरातील माणसे त्या वाटेने सातत्याने भाषा पोहोचवत राहिली, तर यांपैकी अनेक मुले बोलू लागतात. या कामी तज्ज्ञाचा वाटा मोठा असला, तरी मुलाचा दिवस जातो तो घरात. पेडणे तालुक्याच्या पूर्व सीमेवरील इब्रामपूरसारख्या गावातून उपचारतज्ज्ञाकडे रोज जाणे शक्य नसते. तेथे तर घर हीच मुलाची खरी शाळा ठरते.

ऐकण्यातून बोलणे

गर्भावस्थेच्या उत्तरार्धातच बालकाचा अंतःकर्ण काम करू लागतो. जन्माला येणारे मूल आईच्या आवाजाशी परिचित असते. पुढे पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारण्यापूर्वी ते सुमारे वर्षभर केवळ ऐकत असते. मेंदूतील श्रवणकेंद्राची जडणघडण याच काळात वेगाने होते. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत या केंद्राला ध्वनी मिळाला नाही, तर पुढे यंत्र बसवूनही त्या ध्वनीतून भाषा घडवणे अवघड होत जाते.

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही बाब ठळकपणे पुढे आणली. सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा, उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा लक्षणीय सरस आढळली. त्यानंतर ‘एक-तीन-सहा’ हे सूत्र जगभर रूढ झाले : एक महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारास प्रारंभ.

घरच्या परीक्षेतील फसगत

ऐकू न येणारे तान्हे मूल रडते, हसते, हुंकार देते, त्यामुळे पहिले काही महिने शंका येत नाही. शंका आलीच तर घरात ताट वाजवून पाहिले जाते आणि मूल वळले की सारे निश्चिंत होतात. पण मूल हालचाल किंवा सावली पाहूनही वळते, जमिनीचा कंप जाणवूनही वळते. काही मुलांना ढोलाचा जाड आवाज ऐकू येतो, मात्र ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी येत नाहीत. अशी मुले हाक मारल्यावर ‘ओ’ देतात, पण बोलतात अस्पष्ट. वाक्यात हलके उच्चारले जाणारे ‘ला’, ‘ने’, ‘चा’ हे प्रत्यय त्यांच्या बोलण्यातून निसटतात.

पुढील लक्षणे दिसल्यास थांबू नये :

- तीन महिन्यांपर्यंत मोठ्या आवाजाने दचकत नाही.
- सहा महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने मान वळवत नाही.
- वर्षापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करत नाही, नावाने हाक मारल्यास पाहत नाही.
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही.
- येत असलेले शब्दही हळूहळू बोलेनासे होते.

‘याचा बाप उशिरा बोलला, हाही बोलेल’ हा दिलासा अशा वेळी महाग पडतो. चाचणीने काहीच बिघडत नाही, विलंबाने बिघडते.

निदान आणि कारणे

अर्भकाची प्राथमिक चाचणी ओएई या यंत्राने काही मिनिटांत होते. कानात मऊ बोंडी ठेवून अंतःकर्णाचा प्रतिसाद मोजला जातो. दोष आढळल्यास बेरा चाचणी केली जाते. मूल झोपेत असताना डोक्याला लावलेल्या पट्ट्यांतून श्रवणमज्जातंतूचा प्रतिसाद तीत नोंदवला जातो. दोन्ही चाचण्या वेदनारहित आहेत.

पेडणे तालुक्यातील पालकांनी कासारवर्णे येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथम नोंद करावी आणि तेथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळातील कान-नाक-घसा विभागाकडे शिफारस घ्यावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासल्या जाणाऱ्या व्याधींत जन्मजात बधिरत्वाचा समावेश आहे. अंगणवाडीतील तपासणीच्या दिवशी पालकांनी आपली शंका स्पष्ट शब्दांत सांगावी.

कारणांपैकी अनुवंशिकता हे प्रमुख. मात्र आई-वडिलांना उत्तम ऐकू येत असतानाही मूल कर्णबधिर असू शकते. बहुतांश कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या पालकांच्याच पोटी जन्मतात. जवळच्या नात्यातील विवाह, अकाली जन्म, तीव्र कावीळ, गरोदरपणातील रुबेला ही अन्य कारणे होत. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम प्रथम ज्या पाच राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत राबवली गेली, त्यांत गोव्याचा समावेश होता. मेंदूज्वरानंतर बधिरत्व आल्यास विशेष घाई करावी लागते, कारण अशा मुलाच्या अंतःकर्णात हाड वाढून शस्त्रक्रियेची संधी हातची जाऊ शकते.

एखाद्या मुलाच्या मधल्या कानात सर्दीनंतर पाणी साचून तात्पुरते कमी ऐकू येते. त्यावर उपचार सोपा असतो. पण तेही डॉक्टरांनीच ठरवावे. कानात तेल घालून वाट पाहू नये.

यंत्र : जागेपणी सतत

निदानानंतर प्रथम दोन्ही कानांना श्रवणयंत्र दिले जाते. काही महिने ते नीट वापरूनही पुरेसा लाभ झाला नाही आणि दोष अतितीव्र असला, तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. या शस्त्रक्रियेत अंतःकर्णात विद्युत्‌तारांची मालिका बसवली जाते आणि कानामागील बाह्य यंत्र ध्वनीचे संकेत तिच्याकडे पाठवते. शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल बोलू लागले, असे होत नाही. यंत्र सुरू होते त्या दिवशी मुलाच्या ऐकण्याचा जन्म होतो. तज्ज्ञ त्यापासून मुलाचे ‘श्रवणवय’ मोजतात. तीन वर्षांच्या मुलाने यंत्र सहा महिने वापरले असेल, तर त्याची तुलना सहा महिन्यांच्या तान्ह्याशी करावी, शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाशी नव्हे.

यंत्र केवळ अभ्यासाच्या वेळी लावणे ही नेहमी आढळणारी चूक होय. झोप आणि आंघोळ वगळता ते दिवसभर कानावर असावे. यंत्र चालते आहे का, हे रोज सकाळी तपासण्यासाठी कॅनडातील तज्ज्ञ डॅनिएल लिंग यांनी रूढ केलेली सहा ध्वनींची चाचणी उपयोगी पडते. म, ऊ, आ, ई, श आणि स हे सहाही ध्वनी आपल्या भाषांत आहेत. मुलाच्या पाठीमागून किंवा बाजूने, ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने, मधूनमधून थांबत एकेक ध्वनी काढावा. लहान मूल नजर उचलते, मोठे मूल डब्यात मणी टाकून ‘ऐकले’ असे दाखवते. काल ‘स’ला प्रतिसाद होता आणि आज नाही, तर बॅटरी, साचा किंवा नळी पाहावी.

गोव्याच्या दमट हवेत यंत्राची विशेष निगा लागते. पावसाळ्यात नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि आवाज अडतो. रात्री यंत्र सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवावे. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. मुलाचा कान वाढतो तसा साचा सैल होऊन यंत्र शिट्टी देऊ लागते, तेव्हा साचा बदलून घ्यावा. बटणासारख्या बॅटऱ्या मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. बॅटरी गिळल्यास तातडीने इस्पितळ गाठावे.

कोणत्या भाषेत बोलावे?

सीमेवरच्या गावांत हा प्रश्न हमखास उभा राहतो. घरात पेडण्याची कोकणी किंवा मालवणी वळणाची बोली, शाळेत मराठी, दूरचित्रवाणीवर हिंदी. मुलाला ऐकण्याचे आधीच कष्ट, तेव्हा त्याच्याशी फक्त ‘शुद्ध’ शालेय भाषेत बोलावे असे अनेक पालकांना वाटते. परिणामी आई दोन-तीन वाक्यांपलीकडे जाऊ शकत नाही आणि आजी तर बोलणेच टाळते. मुलाच्या कानावर पडणारी भाषा शुद्ध होते, पण तुटपुंजी होते.

पालकाला जी भाषा सहज, भरभरून आणि मायेने बोलता येते, तीच मुलाची पहिली भाषा असावी. घरात ‘उदक’ म्हणत असतील तर मुलालाही ‘उदक’च ऐकू द्यावे. ‘पाणी’ शाळेत मिळेल. एका भाषेचा पाया भक्कम झाला की दुसरी तिच्यावर उभी राहते. योग्य यंत्र आणि पुरेसा सहवास मिळाल्यास कर्णबधिर मुले दोन भाषाही आत्मसात करतात. घरातील सर्वांनी मात्र रोजच्या वस्तूंसाठी आरंभी एकच शब्द ठरवून वापरावा, म्हणजे तो पुनःपुन्हा कानी पडून रुजतो.

घरातील पाठ

ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. म्हणून पडवीतून ओरडण्यापेक्षा हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलणे अधिक फलदायी. ओरडल्याने शब्द विकृत होतो. बोलताना दूरचित्रवाणी आणि मिक्सर बंद असावेत.

वेगळी वेळ काढून धडे देण्यापेक्षा चालू कामाला शब्द जोडावेत. पेज वाढताना ‘गरम पेज, फुंकर घाल’, कपडे वाळत घालताना ‘हा बाबांचा सदरा, हा तुझा’, काजूच्या हंगामात ‘बोंडू पडला, उचल’. वस्तू दाखवण्याआधी शब्द उच्चारावा, म्हणजे मुलाला आधी ऐकावे लागते. मग वस्तू दाखवावी आणि शब्द पुन्हा म्हणावा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून वाट पाहावी. मूल ‘पेज’ एवढेच म्हणाले, तर ‘हो, गरम पेज हवी’ असे त्याचे बोलणे वाढवून परत द्यावे. ‘म्हण, म्हण’ असा तगादा लावू नये. परीक्षेला कंटाळलेले मूल गप्प बसते.

आरती, घुमटाचा ताल, बडबडगीते यांतील लय आणि पुनरावृत्ती शब्द लक्षात राहण्यास साहाय्य करते. ओठांवर मात्र फार विसंबू नये. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे तिन्ही शब्द ओठांवर जवळपास एकसारखे दिसतात. त्यांतला भेद कानच सांगतो. ‘प’ आणि ‘फ’, ‘ब’ आणि ‘भ’ यांतील श्वासाचा फरक मुलाच्या तळहातावर जाणवून देता येतो, पण ही पूरक युक्ती आहे.

खुणा आणि बोलणे

प्रत्येक मुलाची प्रगती सारखी नसते. उशिरा निदान झालेल्या, श्रवणमज्जातंतू अविकसित असलेल्या किंवा अन्य अपंगत्व असलेल्या मुलास बोलीभाषा अपुरी पडू शकते. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा असून, तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापली आहे. खुणा वापरल्याने मूल आळशी होते, ही समजूत निराधार आहे. मुलाला कोणतीच भाषा पुरेशी न मिळणे हीच सर्वांत मोठी हानी होय.

साहाय्य आणि हक्क

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना श्रवणयंत्रे मिळतात. २०१४ च्या सुधारणेनुसार या योजनेत दरवर्षी ५०० बालकांना, प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत, कॉक्लियर इम्प्लांटसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यासाठी जन्मजात बधिर मुलाचे वय पाच वर्षांच्या आत असावे लागते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची समन्वयक आहे.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक ऱ्हास असल्यास ‘बधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल असल्यास ‘ऊनश्रवण’ अशी गणना होते. त्यानुसार प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र काढून घ्यावे. लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क हा कायदा देतो. वर्गात अशा मुलाला पुढे, खिडकी व रस्त्याच्या गोंगाटापासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून शिकवू नये, एवढे सांगणे पालकांचा अधिकारच आहे.

तपासणीच्या प्रत्येक फेरीत बेराचा अहवाल, यंत्राची नोंद आणि मूल वापरत असलेल्या शब्दांची तारीखवार वही सोबत न्यावी. वहीत दर महिन्याला दोन-चार शब्द वाढत असतील, तर वाट योग्य आहे. तीन महिने एकही शब्द वाढला नाही, तर यंत्राची आणि उपचाराची फेरतपासणी लगेच मागावी.