गाडीचा विमा, गॅसची नळी, गीझर: घरातल्या यंत्रांची वही कशी ठेवावी?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या एखाद्या घरात किती यंत्रे असतात? एक स्कूटर, अनेक घरांत एक कार, गॅसची शेगडी, गीझर, फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, एक-दोन एसी. आकडा सहज दहापर्यंत जातो. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, सर्व्हिसिंगची वेळ वेगळी आणि दुरुस्तीला येणारा माणूसही वेगळा. या सगळ्याचा हिशेब बहुधा घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असतो. उरलेला असतो ड्रॉवरमध्ये कोंबलेल्या बिलांत.

हा हिशेब एका वहीत आणणे अवघड नाही. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. काही तारखा बाहेरचे कोणीतरी विचारतेच: वाहतूक पोलीस, विमा कंपनी, आरटीओ. काही तारखा मात्र कोणीच विचारत नाही. जिवाला धोका बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातल्या तारखा चुकल्याने होतो.

विचारल्या जाणाऱ्या तारखा

वाहनाच्या कागदपत्रांपासून सुरुवात केलेली बरी, कारण इथे नियम स्पष्ट आहेत.

*विमा:* थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवणे हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. इथेच अनेकांची फसगत होते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे 'ओन डॅमेज', बऱ्याचदा पहिल्या एका वर्षापुरताच असतो. पाच वर्षांची पॉलिसी आहे म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षी गाडीवर झाड पडले की भरपाई मिळत नाही. म्हणून वहीत या दोन तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात.

*नो क्लेम बोनस:* क्लेम न केल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि ५ वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर ही साठलेली सवलत जाते.

*पीयूसी:* नव्या गाडीला पहिले एक वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांचे प्रमाणपत्र १२ महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांचे ६ महिने.

*नोंदणी:* खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढचे नूतनीकरण ५-५ वर्षांचे. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे हे काम शेवटच्या दिवशी होत नाही. अंधेरी भागातल्या गाड्यांचा क्रमांक एमएच ०२ ने, बोरिवलीतल्या एमएच ४७ ने आणि घाटकोपर-मुलुंडकडच्या एमएच ०३ ने सुरू होतो. एमएच ०३ चे कार्यालय वडाळ्याला आहे.

*सीएनजी टाकी:* मुंबईत सीएनजी गाड्या भरपूर. त्यांच्या टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. चाचणीची तारीख टाकीच्या पट्टीवर असते. कंपनीने बसवलेल्या टाकीलाही हा नियम लागू आहे.

कोणीच न विचारणाऱ्या तारखा

*गॅसची नळी:* सिलिंडर आणि शेगडी जोडणारी नारिंगी सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलावी, अशी तेल कंपन्यांची सूचना आहे. नळीवर वर्ष छापलेले असते, पण ती ओट्याखाली असल्याने कोणी पाहत नाही. नळी बदलली की तारीख त्याच दिवशी लिहावी. पाइप गॅस असलेल्या घरांतही शेगडीला जोडणारी रबरी नळी असते, तिचीही नोंद हवी. सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवरचे अक्षर आणि वर्ष पाहावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी २७' असे लिहिले असेल, तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत पाठवता येतो. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. वहीच्या पहिल्या पानावर तो मोठ्या अक्षरांत असावा.

*गॅस गीझर:* बंद, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर चालला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्यामुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या मुंबईतूनही आल्या आहेत. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली किंवा बर्नरवर काजळी धरली, तर गीझर बंद ठेवून दुरुस्तीवाल्याला बोलवावे. वर्षातून एकदा बर्नर साफ केल्याची तारीख वहीत हवी. हवा येण्याजाण्याची वाट कपड्यांनी किंवा पुठ्ठ्याने बंद झालेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

*ईएलसीबी किंवा आरसीसीबी:* मीटरजवळच्या पेटीत 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले बटण असलेला हा स्विच विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडतो. तो चालू आहे का, हे बटण दाबल्याशिवाय कळत नाही. महिन्यातून एकदा बटण दाबावे. वीज गेली म्हणजे स्विच ठीक आहे. गेली नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवायचा. गीझर, वॉशिंग मशीन अशी पाण्याजवळची यंत्रे वापरणाऱ्या घरात हे एक मिनिटाचे काम टाळू नये.

*टायरचे वय:* टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे होते. ५ वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि १० वर्षांनंतर वापरू नये, असा सल्ला काही टायर कंपन्या देतात.

*ब्रेक ऑइल:* ते हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे गाडी चालो न चालो, ते बदलावे लागते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत दर २ वर्षांनी असे दिलेले असते.

किलोमीटर मोजायचे की महिने?

सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. उपनगरात राहणाऱ्यांनी यातला दुसरा आकडा जास्त गांभीर्याने घ्यावा. इथला नोकरदार माणूस लोकलने जातो. कार आठवडाभर सोसायटीत उभी असते आणि रविवारी निघते. स्कूटर घर ते स्टेशन आणि परत, एवढीच फिरते. वर्षाला ३,००० किलोमीटरही होत नाहीत आणि मालकाला वाटते, गाडी चाललीच नाही, सर्व्हिसिंग कशाला?

प्रत्यक्षात थोडे अंतर चालणारी गाडी जास्त झिजू शकते. दहा मिनिटांच्या फेरीत इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये ओलावा आणि न जळलेले इंधन साठत राहते. उभ्या कारची बॅटरी अलार्म आणि इतर सर्किटमुळे हळूहळू उतरते. टायर एकाच जागी दबतात. शिवाय तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, तो खर्च वेगळाच. म्हणून अशा गाडीच्या पानावर 'पुढची सर्व्हिसिंग' या रकान्यात आधी तारीख लिहावी, मग किलोमीटर.

पावसाळ्याचे पान

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण अंधेरी सबवे किंवा मिलन सबवेला पाणी भरल्याची बातमी जवळपास दर पावसाळ्यात येते.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना स्टार्टर मारला, तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे जादा संरक्षण घ्यावे लागते. ते घेतले आहे की नाही, हे पाण्यात उभे राहून आठवत नाही. म्हणून विम्याच्या पानावर ते लिहून ठेवावे आणि शेजारी टोइंगचा नंबरही.

मे अखेरीस पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत: वायपरचे रबर, ब्रेक, टायरची नक्षी, दिवे, बॅटरी. एसीचे बाहेरचे युनिटही याच वेळी पाहावे. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याची कॉइल आणि लोखंडी स्टँड गंजतो. वरच्या मजल्यावरचा गंजलेला स्टँड हा खाली चालणाऱ्यांसाठीही धोका असतो.

एका पानावर काय लिहावे?

प्रत्येक यंत्राला एक पान पुरते. वर कधीच न बदलणारी माहिती: कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर किंवा गाडीचा क्रमांक, खरेदीची तारीख, दुकान, वॉरंटी कधी संपते. खाली पाच रकाने: तारीख, किलोमीटर, काय केले, खर्च, पुढची तारीख. उदाहरणादाखल एका स्कूटरच्या नोंदी अशा दिसतील:

- ४ जून: १८,२४० किमी. ऑइल बदलले, मागचे ब्रेक शू नवे. ९५० रुपये. पुढे: डिसेंबर.
- ९ जुलै: पीयूसी काढले. पुढे: ८ जुलै, पुढचे वर्ष.
- १२ ऑक्टोबर: १९,१०० किमी. बॅटरी नवी, वॉरंटी कार्ड पाकिटात. पुढे: डिसेंबरची सर्व्हिसिंग.

वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिने लिहून प्रत्येकापुढे त्या महिन्यातली कामे मांडावीत. एखादी बारीक तक्रारही नोंदवावी: 'थंड असताना स्टार्ट व्हायला वेळ', 'फ्रीजचा आवाज'. मेकॅनिकला ती कधी सुरू झाली हे सांगता आले, तर निदान लवकर होते.

पाण्याच्या फिल्टरची नोंद थोडी वेगळी ठेवावी. महापालिकेचे तलावांचे पाणी तुलनेने कमी क्षारांचे असते, टँकरचे किंवा बोअरवेलचे तसे नसते. सोसायटीत टँकर सुरू झाले की फिल्टर आणि गीझर दोन्ही लवकर खराब होतात. टँकरचे महिने लिहिलेले असले, तर फिल्टर मुदतीआधी का चोक झाला हे समजते.

वही की मोबाइल?

दोन्ही. मोबाइल आठवण द्यायला चांगला: कॅलेंडरमध्ये विम्याची तारीख महिनाभर आधीच्या सूचनेसह टाकता येते. बिलाचा फोटो लगेच काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडू शकते. गाडीची कागदपत्रे एमपरिवाहन किंवा डिजिलॉकरमध्ये ठेवली, तर पोलिसांना ती दाखवता येतात.

पण मोबाइलला पासवर्ड असतो आणि तो एकाचाच असतो. आजोबा हॉस्पिटलमध्ये आहेत, मुलगा परदेशात आहे आणि घरी आजीला गीझरवाल्याचा नंबर हवा आहे, अशी वेळ उपनगरांतल्या कितीतरी घरांवर येते. ओट्याजवळ किंवा मीटरच्या पेटीपाशी ठेवलेली वही कोणालाही उघडता येते.

वहीचा आणखी एक उपयोग आजकाल वाढला आहे. 'तुमच्या फिल्टरची सर्व्हिसिंग राहिली आहे' असे फोन येतात, चलानाच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते. आपली तारीख आपल्याकडे लिहिलेली असेल, तर समोरचा खरे बोलतो का, हे क्षणात कळते. अशी फाइल उघडू नये. चलान परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे.

बिल जपले तर

वॉरंटीत असलेले यंत्र बिघडले आणि कंपनी दाद देत नसेल, तर खरेदीचे बिल आणि तक्रारींच्या तारखा हाच पुरावा असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्र्याला आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मार्गदर्शनासाठी १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे, तिचे मुख्यालय विलेपार्ल्यात आहे.

गाडी विकतानाही हीच वही कामाला येते. किलोमीटरचा आकडा मागे फिरवलेला नाही, हे तारीखवार नोंदींवरून घेणाऱ्याला पटते.

सोसायटीच्या यंत्रांचे काय?

लिफ्ट, पंप, पाण्याच्या टाक्या आणि अग्निशमन यंत्रणा यांची जबाबदारी सोसायटीची, पण तारखा विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाचा. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. वार्षिक सभेत 'शेवटचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे?' एवढा प्रश्न पुरेसा असतो.

सुरुवात कधी करावी?

मराठी घरात यासाठी दिवस ठरलेलाच आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाड्या धुतल्या जातात, यंत्रांना हळदकुंकू लागते, झेंडूचे हार चढतात. पाऊस संपलेला असतो, त्यामुळे गंज, ओल आणि झीज पाहायलाही हीच वेळ योग्य. हार घालण्याआधी टायरवरचे चार आकडे वाचावेत, ओट्याखाली वाकून नळीवरचे वर्ष पाहावे, ईएलसीबीचे बटण दाबावे आणि जे दिसले ते वहीत लिहावे. दुसरी फेरी मे अखेरीस, पावसाच्या आधी. वर्षातून या दोन फेऱ्या झाल्या, तर वरच्या यादीतली एकही तारीख वर्षभर नजरेआड राहत नाही.