डीआरवाल्यांचा डीआर कोण?

डिझास्टर रिकव्हरीचं काम बाहेर द्यायचं ठरलं की मीटिंगमध्ये आधी किमतींचा तक्ता येतो आणि मागोमाग दोन शब्द. एक आरटीओ, म्हणजे बंद पडलेली सिस्टिम किती वेळात उभी करायची (लायसन्सवालं आरटीओ नव्हे!). दुसरा आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तरी चालेल. दोन्ही आकडे महत्त्वाचेच. पण या धंद्याचा इतिहास वाचला की तिसरा प्रश्न जास्त छळतो. ज्याच्या भरवशावर आपण झोपणार, तो स्वतः किती दिवस उभा राहील?

गोष्ट अमेरिकेतली आहे. १९७० च्या दशकात तिथल्या बँका मेनफ्रेमवर पुरत्या अवलंबून झाल्या होत्या. दुसरा मेनफ्रेम नुसता पडून ठेवणं कुणालाच परवडत नव्हतं. सन ऑइल या तेल कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाने त्यातून धंदा काढला. फिलाडेल्फियात मशिनं तयार ठेवायची आणि अनेक गिऱ्हाइकांनी त्यासाठी दरमहा पैसे भरायचे. १९८३ साली हा विभाग वेगळा होऊन सनगार्ड झाला. दुसरा मोठा खेळाडू कॉमडिस्को, मूळचा कॉम्प्युटर भाड्याने देणारा. आयबीएमही या धंद्यात होतीच.

याला म्हणायचे शेअर्ड हॉट साइट. हिशोब मंगल कार्यालयासारखा. एकच हॉल, पण बुकिंग शंभर घरांचं, कारण सगळ्यांची लग्नं काही एकाच दिवशी नसतात. म्हणून तर स्वस्त पडतं. प्रश्न एवढाच, की सगळ्यांना एकच मुहूर्त निघाला तर?

तो मुहूर्त निघाला ११ सप्टेंबर २००१ ला. वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या आणि आसपासच्या अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी आपापल्या डीआरवाल्यांना फोन लावले. गंमत म्हणजे (गंमत कसली!) कॉमडिस्कोने त्याआधी दोनच महिने, जुलैमध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. डीआरचा धंदा बरा चालला होता. कंपनी बुडाली ती डॉट-कॉम स्टार्टअप्समध्ये आणि ब्रॉडबँडमध्ये घातलेल्या पैशांमुळे. तरीही तिच्या लोकांनी गिऱ्हाइकांना जागा आणि मशिनं दिली. पण कल्पना करा, आपली इमारत कोसळलीय आणि आपण ज्याच्या दारात उभे आहोत तो स्वतःच कोर्टात उभा आहे.

त्याच दिवशी कँटर फिट्झजेराल्डची ६५८ माणसं गेली. न्यू जर्सीत त्यांची दुसरी साइट होती, म्हणून १३ तारखेला बाँड मार्केट उघडलं तेव्हा त्यांची ट्रेडिंग सिस्टिमही चालू होती. मशिनं परत आली, माणसं आली नाहीत. डीआर प्लॅनमध्ये पासवर्ड कुणाकडे आणि निर्णय कुणाचा याची एकाच नावाची यादी असेल, तर तो प्लॅन अर्धाच आहे.

पुढे कॉमडिस्कोचा हा विभाग सनगार्डने ८२.५ कोटी डॉलरला घेतला. तीनातले दोन एकत्र आले तर स्पर्धा संपेल म्हणून अमेरिकन सरकार कोर्टात गेलं, पण नोव्हेंबर २००१ मध्ये हरलं. गिऱ्हाइकाकडे स्वतःची दुसरी साइट उभारण्यासारखे इतर पर्याय आहेत, हे कोर्टाला पटलं. आणि झालंही तसंच. हार्डवेअर स्वस्त झालं, मग क्लाउड आला. २०१४ साली सनगार्डने डीआरचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला. त्या सनगार्ड अव्हेलेबिलिटी सर्व्हिसेसने २०१९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला. कोविडनंतर लोक घरून काम करायला लागले, राखीव ऑफिसं ओस पडली, भाडी मात्र चालूच. शेवटी धंद्याचे तुकडे विकले गेले. पुण्यात आयटीत काम केलेल्यांना सनगार्ड हे नाव नवं नाही, म्हणून ही गोष्ट आपल्याला जरा जास्तच जवळची.

मग बाहेर द्यायचंच नाही का? द्यायचं की! छोट्या कंपनीला स्वतःची दुसरी साइट आजही जड जाते. फक्त सही करण्याआधी विचारायचं: ही जागा आणखी किती जणांना विकलीय, आणि त्यातले आमच्याच शहरातले किती? वर्षातून किती वेळा खरी टेस्ट करू द्याल? तुम्ही बंद पडलात तर आमचा डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत परत मिळेल? आणि स्वतःला विचारायचं, की ‘डिझास्टर’ जाहीर कोण करणार?

हा शेवटचा प्रश्न वरवर साधा वाटतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते ३.४५ ला सुरू झाले. त्यांची डीआर साइट स्वतःची होती, तरी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम केला: महत्त्वाची सिस्टिम बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत डीआरवर जा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. विहीर दुसऱ्याची असेल तर एक काम वाढतं: अधूनमधून जाऊन पोहरा टाकून बघायचा, पाणी लागतंय का ते.