नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं केलेलें स्वमतखंडन

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचें औरंगाबाद) जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा हें गांव लागतें. हल्लीं तें कारखान्यांच्या वसाहतीमुळें सर्वांस ठाऊक झालें आहे. हाच रस्ता पुढें जालन्यास पोंचतो. जालन्यानजीक रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत बेथेल ही ख्रिस्ती वसाहत बसविली. त्या पिढींतील जे मराठी ब्राह्मण ख्रिस्ती झाले, त्यांच्यापैकीं कांहींचा माग असा जमिनीवर लागतो, व कांहींचा केवळ कागदावर लागतो. दुसऱ्या वर्गांत नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांस आम्ही पहिलें स्थान देतों. त्यांचें घराणें कोंकणस्थ, वास्तव्य काशीस, विद्या परंपरागत शास्त्रांची.

इ. स. १८३९ मध्यें जॉन म्यूर या स्कॉटिश मुलकी अधिकाऱ्यानें ‘मतपरीक्षा’ नांवाचा संस्कृत पद्यग्रंथ छापून ख्रिस्ती मताचें श्रेष्ठत्व प्रतिपादिलें. त्यास तीन पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं. त्यांतील तिसरें उत्तर, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, हें गोऱ्हे यांचें. तें १८४४-४५ च्या सुमारास सिद्ध झालें, म्हणजे ग्रंथकाराचें वय त्या वेळीं अवघें विशीच्या आसपास होतें. जन्मतः कोणी सुखी व कोणी दुःखी कां, या प्रश्नास पूर्वकर्म मानल्याविना उत्तर नाहीं. तें न मानल्यास ईश्वरावर पक्षपाताचा व क्रौर्याचा दोष येतो, हा त्यांतील एक प्रमुख आक्षेप. युक्तिवाद कसलेला आहे. तरुणाची आढ्यता त्यांत थोडी दिसते, पण ती अशा वादग्रंथांत कोठें दिसत नाहीं?

याच सुमारास काशींतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशीं त्यांचा वाद चालला होता. जिंकण्याकरितां आरंभिलेल्या वादांत त्यांचें स्वतःचेंच मत ढळत गेलें व १८४८ सालीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मतांतर पुष्कळांनीं केलें. आमचें लक्ष वेधतें तें त्यानंतरच्या वर्तनाकडे. आपण पूर्वीं लिहिलें तें चुकीचें होतें असें ठरल्यावर ग्रंथकारानें काय करावें? मौन धरतां येतें. वयाकडे, गुरूंकडे किंवा संगतीकडे बोट दाखवितां येतें. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदाम स्त्रीवर दोष ढकलतो व स्त्री सर्पावर ढकलते, ती वाट सर्वांस मोकळीच असते.

गोऱ्हे यांनीं ती धरली नाहीं. १८६० सालीं कलकत्त्यास त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला. पूर्वीं ज्या शास्त्रांच्या बळावर ते लढले, त्यांचींच मतें येथें पूर्वपक्षांत क्रमानें मांडून त्यांचें खंडन केलें आहे. वेदान्ताच्या पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक या तीन सत्तांवरील चर्चा तर एखाद्या नैयायिकाच्या बारकाईनें केलेली आहे. विशीच्या उमेदींत केलेलें मंडन त्यांनीं पस्तिशींत तितक्याच श्रमानें मोडलें. हें खंडन सर्वत्र सिद्ध झालें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. अद्वैत्यांस त्यावर बोलण्यास पुष्कळ जागा आहे. आपली चूक कबूल करणाराचें नवें मत तेवढ्यानें खरें ठरत नाहीं.

ख्रिस्ती परंपरेंत या प्रकारच्या लेखनास मोठा पूर्वाधार आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्तीन यानें इ. स. ४२६-२७ च्या सुमारास, आयुष्याच्या अखेरीस, आपले ९३ ग्रंथ एकामागून एक तपासून त्यांतील चुका स्वतःच्या नांवानें नोंदविल्या. मूळ ग्रीक नव्या करारांत पश्चात्तापास जो शब्द आहे, त्याचा धात्वर्थ मन पालटणें असा आहे. केवळ हळहळ त्यांत पुरत नाहीं. जक्कय हा जकातदार ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट परत करूं म्हणतो, तेव्हां त्याचें पालटलेलें मन लोकांस दिसतें. ग्रंथकारानें परत करावयाचें तें ग्रंथानेंच करावें लागतें.

हा विचार आपल्या धर्मशास्त्रास अपरिचित होता असें कोणीं समजूं नये. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीच्या साधनांत ख्यापन, म्हणजे दोष उघड सांगणें, व अनुताप यांची गणना आहे. व्यवहारांत मात्र प्रायश्चित्त बहुधा जातींतील स्थान परत मिळविण्यापुरतें उरलें. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं चहा घेतल्याबद्दल जो गवगवा झाला त्यांत न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें. पण चहा घेणें हा अपराध होता असें त्यांस वाटलें, असें त्यांचा कट्टर विरोधकही म्हणणार नाहीं. तेथें प्रायश्चित्त होतें, चुकीची कबुली नव्हती. गोऱ्हे यांच्या ठिकाणीं याच्या नेमकें उलट आहे. (योगायोग असा कीं, पंचहौद मिशन ज्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाकडे होतें, त्याच संघांत गोऱ्हे यांनीं उमेदवारी केली होती.)

हस्तलिखितांच्या संग्राहकांस यांत विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ ग्रंथकाराच्या हयातींत छापला गेला नाहीं. तरी त्याची पोथी टिकली व सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं ती संपादून १९५१ सालीं उज्जयिनीस प्रसिद्ध केली. दुसऱ्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर फिट्झ-एडवर्ड हॉल यानें १८६२ मध्यें कलकत्त्यास छापलें. तें छापील व हस्तलिखित अशा दोन्ही हिंदी मजकुरांवरून केल्याचें मुखपृष्ठावर नमूद आहे. म्हणजे छापील पुस्तकाखेरीज हस्तलिखित मजकूरही भाषांतरकाराच्या हातीं होता.

आमच्या पाहण्यांतील बहुतेक संग्रहांत पहिला ग्रंथ संस्कृत पोथ्यांत व दुसरा मिशनरी छापील पुस्तकांत पडतो, आणि दोहोंचा कर्ता एकच हें सूचीवरून कळत नाहीं. सूचिकारांनीं दोन्ही नोंदी एकत्र द्याव्या. कर्त्यानें स्वतः याहून निराळें केलेलें नाहीं: बाप्तिस्म्याचें नहेम्या हें नांव घेतल्यावरही १८६२ च्या मुखपृष्ठावर त्याच्यापुढें नीळकंठ शास्त्री हीं जुनीं अक्षरें तशींच छापलेलीं आहेत.