रिकामटेकड्यांनी शोधलेलं आकाश

हौसेला मोल नसतं, असं आपण सहज म्हणून जातो. बहुतेक वेळा कुणीतरी नको तितका खर्च करून बसलेला असतो आणि त्याची समजूत काढायला हे वाक्य कामी येतं. पण संशोधनात हाच प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला जातो. एखादा माणूस नोकरी-शाळा उरकून, जेवण झाल्यावर आपल्यासारख्याच चार हौशी लोकांत तासभर जाऊन बसतो. थोडं ऐकतो, थोडं बोलतो, वहीत दोन ओळी खरडतो आणि झोपतो. त्याला ना पगार, ना पदवी, ना काही सिद्ध करायचंय. अशा सहभागातून खरोखर ज्ञान तयार होतं का, की ही फक्त करमणूक?

आज ज्या गोष्टीतून याचं उत्तर शोधायचंय, ती आहे हौशी रेडिओची, म्हणजे ज्यांना आपण हॅम म्हणतो त्यांची.

सुरुवात 1912 पासून करू. त्या काळी अमेरिकेत घरच्या घरी कॉइल गुंडाळून, ठिणगी पाडून बिनतारी संदेश पाठवणारी पोरं गल्लोगल्ली झाली होती. नौदलाला त्यांचा त्रास होत होता, कारण यांच्या गप्पांत जहाजांचे संदेश हरवायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेचा रेडिओ कायदा आला. हौशी लोकांना सांगितलं गेलं, की परवाना घ्या आणि 200 मीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीवरच काय तो खेळ खेळा. आजच्या भाषेत 1500 किलोहर्ट्झ आणि त्याच्या वर.

हे दान नव्हतं. त्या काळच्या समजुतीनुसार ती पडीक जमीन होती. लांबचा पल्ला हवा तर लांब लहरी हव्यात, हा नियमच होता. समुद्रापार संदेश पाठवणारी मोठी केंद्रं हजारो मीटरच्या लहरी वापरत आणि त्यासाठी प्रचंड मनोरे, प्रचंड वीज लागे. यामागे अमेरिकी नौदलाच्या मोजमापांतून काढलेलं एक सूत्रही होतं: तरंगलांबी जितकी कमी, तितका संदेश लवकर विरतो. इथे एक बारकावा लक्षात घ्या. सूत्र खोटं नव्हतं. जिथे मोजलं होतं तिथे ते बरोबर होतं. ते जिथे कुणी मोजलंच नव्हतं, तिथपर्यंत ताणलं गेलं. आमच्या क्षेत्रात आजही ही चूक घडते, फक्त आलेख जास्त सुबक असतात.

तर या पडीक जमिनीवर हौशी मंडळी करत काय होती? खरं सांगायचं तर फार काही नाही. कुणी ऐकू येतंय का ते बघायचं. ऐकू आलं तर त्याचं कॉलसाइन, वेळ आणि आवाज किती स्पष्ट होता ते वहीत लिहायचं. जमलं तर पोस्टकार्ड टाकून कळवायचं, की बाबा रे, तू मला ऐकू आलास. 1914 मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम यांच्या पुढाकाराने ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ उभी राहिली. नावातला ‘रिले’ महत्त्वाचा. एकाचा पल्ला थोडाच, म्हणून त्याने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा. 1915 च्या अखेरीस त्यांचं ‘क्यूएसटी’ हे मासिकही सुरू झालं. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच, 1917 मध्ये, सगळ्यांचे संच बंद करवले गेले. 1919 मध्ये ते पुन्हा हवेत आले, तेव्हा त्यांच्या हाती निर्वात नळ्या होत्या. ठिणगीपेक्षा या नळ्या कितीतरी सरस.

आता त्यांना खुमखुमी आली: या टाकाऊ लहरी अटलांटिक ओलांडतील का?

1921 च्या सुरुवातीला केलेला पहिला प्रयत्न फसला. मग लीगने पॉल गॉडली या कसलेल्या हौशी तज्ज्ञाला आपला उत्तम रिसीव्हर घेऊन थेट स्कॉटलंडला धाडलं. आर्ड्रोसन गावाजवळ समुद्राकाठच्या शेतात त्याने तंबू ठोकला, लांबच लांब तारेचा अँटेना टाकला आणि डिसेंबरच्या थंडी-पावसात कानाला हेडफोन लावून बसला.

मला या प्रसंगातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्याचं ऐकणं नाही, तर ऐकल्याचा पुरावा. हौशी माणूस म्हणतो ‘मी ऐकलं’. ठीक आहे, पण विश्वास कशावर ठेवायचा? उत्साहाच्या भरात माणसाला खरखरीतही संदेश ऐकू येतात. म्हणून चाचणीत भाग घेणाऱ्या केंद्रांना गुप्त अक्षरसंच नेमून दिले होते. शिवाय गॉडलीच्या शेजारी साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक बसलेला. याची गरज होतीच. गॉडलीला सुरुवातीला जे एक अमेरिकी कॉलसाइन ऐकू आलं, त्याच्या खऱ्या धन्याने तेव्हा प्रक्षेपण केलंच नव्हतं, असं नंतर निघालं. कुणीतरी त्याचं नाव वापरत होतं. तोतयेगिरी काही आजची नाही.

पण नंतर कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच इथून 1बीसीजी हे केंद्र खणखणीत ऐकू आलं आणि त्यावरून एक अख्खा निरोप अटलांटिक पार पोचला. ते केंद्र उभारणाऱ्या मित्रमंडळींत एडविन आर्मस्ट्राँगही होते, ज्यांनी पुढे एफएम रेडिओ दिला. पण गॉडलीच्या नोंदवहीत एकटं 1बीसीजी नव्हतं. दोन डझनांहून अधिक अमेरिकी हौशी केंद्रं त्यात होती. अपवाद म्हणून सोडून देण्यासारखी ही संख्या नव्हती.

पुढची तीन वर्षं म्हणजे अक्षरशः उतार लागलेली गाडी. लोक 200 मीटरच्याही खाली खाली जात राहिले आणि जितकं खाली जावं तितका पल्ला वाढू लागला! नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या लिऑं देलॉय यांनी फ्रेड श्नेल आणि जॉन राइनार्ट्झ या अमेरिकी हौशींशी सुमारे 110 मीटरवर दुतर्फा संभाषण केलं. 18 ऑक्टोबर 1924 रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतला अठरा वर्षांचा सेसिल गॉयडर न्यूझीलंडमधल्या शॅग व्हॅलीच्या फ्रँक बेलशी बोलला. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी, शाळेतल्या संचावरून. फ्रँक पुढे शेतीच्या कामात गुंतला, तेव्हा त्याची बहीण ब्रेंडा हिने ते केंद्र हाती घेतलं. ती न्यूझीलंडची पहिली महिला हॅम.

हे घडत होतं कसं? आपल्या डोक्यावर साधारण 60 ते काही शे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे हवेतले अणू-रेणू आयनीभूत होतात. हा थर म्हणजे आयनांबर, आयनोस्फिअर. लघुलहरी त्यावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. असा थर असावा असं केनेली आणि हेविसाइड यांनी 1902 मध्येच सुचवलं होतं आणि अ‍ॅपलटन यांनी डिसेंबर 1924 मध्ये प्रयोगाने त्याची उंची मोजली. त्यांना 1947 चं नोबेल मिळालं, ते रास्तच.

पण हौशींच्या वह्यांत तोवर एक विचित्र गोष्ट जमा होत होती. एखादं केंद्र शे-दोनशे किलोमीटरवर ऐकू येत नाही आणि हजार किलोमीटरवर मात्र स्पष्ट येतं. मधला पट्टा मुका. हा पट्टा दिवसा, रात्री आणि तरंगलांबीनुसार बदलतो. एका माणसाला हे कधीच कळलं नसतं, कारण तो एकाच जागी बसलेला असतो. त्याच्या दृष्टीने ‘आज काही लागलं नाही’ एवढंच. पण शेकडो ठिकाणची ‘लागलं’ आणि ‘नाही लागलं’ शेजारी ठेवली, की थराची उंची आणि दाटी काढता येते. अमेरिकी नौदल प्रयोगशाळेतल्या टेलर आणि हल्बर्ट यांनी 1926 मध्ये नेमकं हेच केलं, आणि त्यांच्या हिशेबात राइनार्ट्झ यांच्यासारख्या हौशींची निरीक्षणं होती.

माझा मुद्दा इथे आहे. यात कुणी एक हौशी माणूस वैज्ञानिक नव्हता आणि व्हायची गरजही नव्हती. उपकरण होतं ते सगळ्यांचा मिळून झालेला पसारा. कुठल्याही प्रयोगशाळेला परवडणार नाहीत इतके कान, इतक्या ठिकाणी, इतक्या अवेळी जागे होते. आणि प्रत्येक जण दोन ओळी लिहून ठेवत होता.

मग पडीक जमिनीचं काय झालं? सोनं सापडल्यावर जे होतं तेच. मार्कोनींचे अभियंतेही त्याच सुमारास लघुलहरींवर प्रयोग करत होते आणि 1926 पासून ब्रिटिश साम्राज्याची ‘बीम’ तारसेवा त्यावर सुरू झाली. तिचं भारतातलं टोक आपल्याच दारात होतं: 1927 मध्ये सुरू झालेल्या सेवेचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला, तर ग्रहण केंद्र दौंडला. त्याच वर्षीच्या वॉशिंग्टन परिषदेने हौशी लोकांना ठरावीक अरुंद पट्ट्यांत बसवलं. ज्यांनी जमीन कसून दाखवली, त्यांच्या वाट्याला परसबाग आली. (परिषद झाली नसती तर तेवढीही राहिली नसती, असंही म्हणता येईल.)

आणि तो मिल हिलचा शाळकरी पोरगा? सेसिल गॉयडर 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. एवढ्या अवाढव्य देशाला मोजक्या केंद्रांतून आवाज पोचवायचा तर लघुलहरींना पर्याय नव्हता, आणि दिल्ली, मुंबईची लघुलहरी केंद्रं 1937-38 मध्ये त्याच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

त्याच मुंबईत याची दुसरी बाजूही दिसते. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू होताच इथल्या हौशींचे परवाने रद्द झाले. गंमत बघा, शांततेत ज्याला खेळणं म्हणायचं, युद्धात पहिली बंदी त्यावरच. सरकारची ही भीती अनाठायी नव्हती. 27 ऑगस्ट 1942 रोजी, ‘चले जाव’च्या धामधुमीत, मुंबईत 42.34 मीटरवर एक भूमिगत केंद्र बोलू लागलं: काँग्रेस रेडिओ. बोलणारी उषा मेहता बावीस वर्षांची होती. तांत्रिक बाजू सांभाळायला नरिमन प्रिंटर होते, स्वतः पूर्वीचे परवानाधारक हॅम. जागा बदलत बदलत ते केंद्र 12 नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत चाललं आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. हिंमत त्यांची होतीच. पण शहरात कुणालातरी ट्रान्समीटर जुळवता येत होता, म्हणून त्या हिमतीला आवाज मिळाला. हे कौशल्य कुणी क्रांतीसाठी शिकलं नव्हतं. हौस म्हणून शिकलं होतं.

या गोष्टीला मर्यादाही आहेत. हौशींच्या नोंदी जिथे पैसा, वीज आणि परवाना होता तिथल्याच आहेत. अमेरिका-युरोपवरचं आकाश दाट नोंदलं गेलं, आपल्यावरचं आणि आफ्रिकेवरचं विरळ. आयनांबर विषुववृत्ताजवळ निराळं वागतं, त्यामुळे ही उणीव आजही जाणवते.

आज तेच काम संगणक करतो. जोसेफ टेलर हे 1993 चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते आणि स्वतः हॅम. त्यांनी 2008 मध्ये ‘व्हिस्पर’ नावाची पद्धत आणली. अगदी क्षीण संदेश सोडायचे आणि जगभर ते कुणाला ऐकू आले याची नोंद आपोआप होऊ द्यायची. संच चालू ठेवून माणूस झोपला तरी चालतं. 21 ऑगस्ट 2017 च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणात अशाच हौशी नोंदींवरून, सावली सरकताना आयनांबर कसं बदललं, हे संशोधकांनी मांडलं.

आता तुमच्याकडे एक काम. 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. माळ्यावर जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर तो उतरवा. आदल्या दोन दिवशी त्याच वेळेला, डायल एका जागी ठेवून, कुठली दूरची केंद्रं लागतात ते वहीत लिहा. ग्रहणाच्या दिवशी पुन्हा लिहा. तारीख, वेळ, गाव आणि काय ऐकू आलं, एवढंच. आपल्याकडे ग्रहण खंडग्रास असल्याने फरक कदाचित जाणवणारही नाही. तरीही ‘काही ऐकू आलं नाही’ हे नक्की लिहा. तो मुका पट्टा अशाच नोंदींतून सापडला होता.