मुलांसाठी वाचनालय: सदस्यत्व, उपक्रम आणि सेवेची संधी

शाळेला सुट्टी लागली की सायखेडा, चांदोरी, निफाड या पट्ट्यातल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: मुलं मोबाइल सोडत नाहीत. मोबाइल काढून घेणं सोपं आहे, पण त्या हातात दुसरं काय द्यायचं? सार्वजनिक वाचनालय हे त्याचं एक चांगलं उत्तर. मात्र आम्हा शिक्षकांना एक गोष्ट नेहमी दिसते. नुसतं कार्ड काढून दिलेलं मूल दोन-तीनदा जातं आणि थांबतं. ज्या मुलाकडे तिथलं एखादं काम सोपवलेलं असतं, ते टिकतं. म्हणून वाचनालयातून मुलांना काय मिळतं आणि मुलं वाचनालयाला काय देऊ शकतात, या दोन्ही बाजू इथं मांडत आहोत.

वाचनालय आपलंही आहे

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. मान्यताप्राप्त वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात आणि त्यांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार सरकारी अनुदान मिळतं. हा पैसा जनतेचा आहे, म्हणजे आपलाही आहे. तरीही आपले कित्येक पालक 'ते आपलं नाही' असं समजून दारातूनच परततात. तसं करू नका. आत जा, फॉर्म मागा. थोडी अनामत आणि वर्गणी लागते. मुलांसाठी ती सहसा कमी असते. पालकांचं ओळखपत्र आणि फोटो सोबत ठेवा. आपल्याजवळ मान्यताप्राप्त वाचनालय कुठलं, ही माहिती नाशिकच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळते.

शाळेतलं कपाटही विसरू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत वाचनालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत. कपाटाला कुलूप असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी अदबीनं, पण नक्की विचारावं.

नाशिक जिल्ह्यात काय आहे?

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं आहे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथं मुलांसाठी बालभवन आहे. रोज जाणं शक्य नसलं तरी सुट्टीत एखादा दिवस मुलांना घेऊन जाण्यासारखी ही जागा आहे.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या साथीनं नाशिकमध्येच 2009 साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू झाली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, काही महिन्यांनी ती बदलून दुसरी मिळते. ही पेटी पुढं महाराष्ट्राबाहेर आणि दुबईपर्यंत पोहोचली. मुलांसाठी वेगळ्या छोट्या पेट्याही निघाल्या.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी जिल्ह्याचं मोठं केंद्र म्हणजे मालेगाव. तिथं जुनी उर्दू लायब्ररी आहे आणि उर्दू पुस्तकांची दुकानंही. लग्नकार्याला मालेगावी गेलात तर येताना मुलांसाठी दोन पुस्तकं जरूर आणा.

मोहल्ल्यातली लायब्ररी

छत्रपती संभाजीनगरात 2021 साली रीड अँड लीड फाउंडेशननं एका शाळकरी मुलीच्या पुढाकारानं मोहल्ला बाल लायब्ररी सुरू केली. पहिली लायब्ररी बैजीपुऱ्यात उभी राहिली, नाव डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं. पुढं शहराच्या अनेक वस्त्यांत अशा लायब्रऱ्या निघाल्या आणि पुस्तकं देण्याघेण्याचं काम मुलांनीच सांभाळलं. इमारत नको, पगारी माणूस नको. एक कपाट, एक वही आणि जबाबदारी घेणारी चार मुलं एवढ्यावर काम सुरू होतं.

आपल्याकडे असं काही करायचं असेल तर एक खबरदारी घ्या. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरलं होतं. त्यामुळं पुस्तकं खालच्या फळीवर ठेवू नका. शक्य असेल तर वरच्या मजल्याची खोली निवडा. पावसाळ्यात पुस्तकं प्लास्टिकच्या झाकणाच्या पेटीत ठेवली की उचलून नेता येतात.

मुलं कोणती सेवा करू शकतात?

आधी पालकांनी किंवा शाळेनं ग्रंथपालांशी बोलावं. मग वयानुसार काम ठरवावं.

- 8 ते 10 वर्षं: पुस्तकं जागेवर लावणं, कव्हर घालणं, फाटकी पानं चिकटवणं.
- 11 ते 13 वर्षं: लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, देवघेवीच्या वहीत नोंद करणं, भिंतीवर 'या आठवड्याचं पुस्तक' लिहिणं.
- 14 वर्षांपुढं: पुस्तकांची यादी संगणकावर घेणं, ज्येष्ठांना पेपर वाचून दाखवणं, शिष्यवृत्तीचे फॉर्म समजावून सांगणं.

आपल्या मुलांकडे आणखी एक भांडवल आहे, ते म्हणजे दोन भाषा. उर्दू माध्यमाच्या मुलांना पुढं मराठी किंवा इंग्रजी वर्गात बसल्यावर मराठी वाचन अडतं. मराठी माध्यमातली मुलं घरी उर्दू बोलतात, पण दादीच्या पेटीतलं जुनं खत त्यांना वाचता येत नाही. या दोघांना आठवड्यातून एकदा समोरासमोर बसवा. एकानं मराठी गोष्ट वाचावी, दुसऱ्यानं उर्दू. शेजारच्या मराठी घरांतली मुलंही आली तर फारच उत्तम. वाचनालयात उर्दू पुस्तकं असतील तर त्यांची देवनागरीत यादी करून देणं, ही सेवा आपली मुलं विशेष चांगली करू शकतात.

पालकांनी पाळायचे नियम

14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. ही सेवा म्हणजे नोकरी नव्हे. आठवड्यातून एक-दोन तास पुरेत आणि मुलाला नको असेल तेव्हा थांबता यावं. जड गठ्ठे उचलणं, शिडीवर चढणं मुलांना सांगू नये. जबाबदार मोठी व्यक्ती हजर असावी, आणि मुलगा असो की मुलगी, दोघं-तिघं मिळून जावीत. मुलींना 'घरी काम आहे' म्हणून मागं ठेवू नका. वेळ मकतब आणि नमाजच्या वेळा पाहून ठरवा. रमजानमध्ये सकाळची वेळ बरी पडते. शेवटी ग्रंथपालांकडून सही-शिक्क्याचं पत्र जरूर घ्या. मुलांना त्याचा अभिमान वाटतो.

घरबसल्या वाचन

बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत गोष्टी आहेत, तिथंही पैसे लागत नाहीत. उर्दूत राष्ट्रीय उर्दू परिषदेचं 'बच्चों की दुनिया' आणि मुंबईचं 'गुलबूटे' ही मासिकं मुलांना आवडतात. मोबाइल सुटत नसेल, तर निदान तो असा वापरला जावा.

उपक्रमांसाठी सोयीचे दिवस

- 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्यांचं बालपण आपल्याच तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतला गेलं.
- 23 एप्रिल, जागतिक पुस्तक दिन.
- 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन. हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस.
- 15 ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. हा डॉ. कलाम यांचा जन्मदिवस.
- 9 नोव्हेंबर, उर्दू दिन. 11 नोव्हेंबर, मौलाना आझादांच्या जन्मदिनी राष्ट्रीय शिक्षण दिन.
- 14 ते 20 नोव्हेंबर, ग्रंथालय सप्ताह.

यातला एकच दिवस निवडा आणि वाचनालयाला एक महिना आधी कळवा. आपल्या दीनमध्ये वाचण्याचा हुकूम पहिल्या वहीतच आला, हे आपण मुलांना सांगत असतोच. आता त्यांचं बोट धरून अब्बू-अम्मींनी स्वतः एकदा वाचनालयाची पायरी चढावी. जमलं तर स्वतःचंही कार्ड काढावं. घरात मोठी माणसं वाचताना दिसली की मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.