ताऱ्यांच्या प्रकाशाचे सूर्याजवळील विचलन
ताऱ्यांच्या प्रकाशाचे सूर्याजवळील विचलन : दूरच्या ताऱ्याकडून येणारा प्रकाशकिरण सूर्याच्या कडेजवळून जाताना सूर्याच्या बाजूस किंचित वळतो. त्यामुळे तारा आपल्या नेहमीच्या स्थानापेक्षा सूर्यापासून थोडा दूर सरकलेला दिसतो. सूर्यबिंबाला स्पर्शून जाणाऱ्या किरणाचे विचलन १·७५ विकला (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असते. अडीच सेंमी. व्यासाचे नाणे ३ किमी. अंतरावरून पाहिल्यास साधारणपणे एवढाच कोन होतो. सूर्याच्या तेजात जवळचे तारे दिसत नसल्याने हे विचलन मोजण्यासाठी पूर्वी खग्रास सूर्यग्रहणाखेरीज दुसरी संधी नसे.

जड वस्तूंचा प्रकाशावर दुरून परिणाम होतो काय, असा प्रश्न न्यूटन यांनी १७०४ मध्ये प्रकाशविज्ञानावरील आपल्या ग्रंथात उपस्थित केला होता. जर्मन ज्योतिर्विद योहान फोन झोल्डनर यांनी १८०१ मध्ये प्रकाश हा वजनदार कणांचा बनलेला आहे असे मानून ०·८४ विकला हे मूल्य काढले. परंतु प्रकाशाचा तरंग सिद्धांत रूढ झाल्यावर हे गणित विस्मृतीत गेले.

आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये वेगळ्या मार्गाने या प्रश्नास हात घातला. वेग सतत वाढत असलेल्या बंद खोलीत आडवा शिरलेला किरण आतील निरीक्षकास वाकलेला दिसेल. अशी खोली व गुरुत्वाकर्षणाखालील खोली यांत छोट्या क्षेत्रात भेद करता येत नाही. म्हणून गुरुत्वाकर्षणानेही किरण वळला पाहिजे. यावरून १९११ मध्ये त्यांनी ०·८३ विकला हे मूल्य वर्तविले. ते तपासण्याचे प्रयत्न मात्र फसले. १९१२ मध्ये ब्राझीलमध्ये पाऊस आडवा आला. २१ ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणासाठी क्रिमियात गेलेले जर्मन ज्योतिर्विद फ्रॉइंडलिख यांना महायुद्ध सुरू झाल्याने रशियनांनी अटकेत ठेवले. हे अपयश आइन्स्टाइन यांच्या दृष्टीने इष्टापत्तीच ठरले. कारण नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्णत्वास नेताना त्यांना आधीचे मूल्य निम्मेच असल्याचे आढळून आले. सूर्याजवळ काळाची गती मंदावते, एवढेच १९११ च्या गणितात धरले होते; सूर्याभोवतीचे अवकाशही वक्र असते व त्यामुळे विचलनात तेवढीच भर पडते.

यामुळे परीक्षेचे स्वरूप स्पष्ट झाले : विचलन शून्य, ०·८७ की १·७५ विकला? २९ मे १९१९ च्या ग्रहणाच्या वेळी सूर्य वृषभ राशीतील हायडीज या तेजस्वी तारकागुच्छात असणार, हे इंग्लंडचे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांनी १९१७ मध्येच निदर्शनास आणले होते. त्यानुसार एडिंग्टन व कॉटिंगहॅम आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर, तर क्रॉमेलिन व डेव्हिडसन ब्राझीलमधील सोब्राल येथे गेले. प्रिन्सिपे येथे ढगांमुळे केवळ दोन काचपट्ट्या उपयोगी पडल्या. त्यांवरून १·६१ विकला हे मूल्य मिळाले. सोब्राल येथील लहान, सुमारे १० सेंमी. भिंगाच्या दूरदर्शकाने १·९८, तर मोठ्या दूरदर्शकाने ०·९३ विकला हे मूल्य दिले. उन्हाने आरसा तापून प्रतिमा अस्पष्ट झाल्या होत्या, या कारणास्तव शेवटच्या मापनास महत्त्व देण्यात आले नाही. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडन येथे निष्कर्ष जाहीर झाला व आइन्स्टाइन जगप्रसिद्ध झाले.

नकोसे मूल्य सोयीने वगळले, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. तथापि प्रतिमा बिघडल्याची नोंद निरीक्षकांनी जागेवरच केली होती. १९७९ मध्ये याच काचपट्ट्या आधुनिक यंत्राने पुन्हा मोजल्या असता सुमारे १·५५ विकला हे मूल्य आले. मात्र १९१९ चे पुरावे अल्प होते, हेही खरे. १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉलल येथे कँबेल व ट्रंप्लर यांनी अनेक ताऱ्यांवरून केलेल्या मापनांनी त्या निष्कर्षास भक्कम आधार दिला.

१९६९ पासून सूर्याजवळून जाणाऱ्या क्वासारांच्या रेडिओ तरंगांवरून ग्रहणाविनाही विचलन मोजता येऊ लागले व सिद्धांताचे मूल्य दहा हजारांत सुमारे एक भाग इतक्या अचूकतेने पडताळले गेले. १९७९ मध्ये मधल्या दीर्घिकेमुळे एकाच क्वासाराच्या दोन प्रतिमा दिसत असल्याचे आढळले. अशा गुरुत्वीय भिंगांच्या साहाय्याने आता दीर्घिकांमधील अदृश्य द्रव्याचे मापन करण्यात येते.